एक्स्टेन्शन सारखं गायब होतंय? आधी ते कधी जातं ते पकडा

काल ब्राउझरमध्ये टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्रॅम, आज दिसत नाही. परत टाकलं, चार दिवस चाललं, पुन्हा गेलं. अशा वेळी बहुतेक जण मुकाट्याने स्टोअरमध्ये जाऊन ते पुन्हा टाकतात आणि कामाला लागतात. पंक्चर न काढता रोज हवा भरण्यातला हा प्रकार. एक्स्टेन्शन आपणहून उडून जात नाही. त्याला कुणीतरी बंद केलेलं असतं, कुणीतरी काढलेलं असतं, नाहीतर ते ज्या फोल्डरमध्ये राहतं तो फोल्डरच पुसला जात असतो. हे कोण करतंय त्याचा सगळ्यात पक्का धागा म्हणजे ते जाण्याची वेळ. ब्राउझर बंद केल्यावर गेलं, मशीन रिस्टार्ट केल्यावर गेलं, लाईट गेल्यावर गेलं की अपडेटनंतर गेलं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

मराठवाड्यात हा त्रास सगळ्यात जास्त जाणवतो तो आपले सरकार सेवा केंद्रांत, शाळांच्या संगणक कक्षांत आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवर. जूनमध्ये दाखल्यांची आणि जुलैत पीकविम्याची गर्दी असते. त्यात एकाच मशीनवर तीन माणसं आळीपाळीने बसतात आणि मध्येच लाईट जाते. मराठी टायपिंगचं किंवा डिजिटल स्वाक्षरीचं एक्स्टेन्शन नेमकं तेव्हाच सापडत नाही. खालची माहिती मुख्यतः विंडोजवरच्या क्रोमला धरून आहे. एजची बांधणी क्रोमसारखीच असल्याने बहुतेक सगळं त्यालाही लागू पडतं. फायरफॉक्सचं वेगळं आहे, ते पुढे स्वतंत्र दिलं आहे.

वाचताना एक लक्षात ठेवा. 'क्रोम://व्हर्जन' असं जिथे लिहिलंय, तो पत्ता इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करून एंटर दाबायचं. एजमध्ये 'क्रोम'च्या जागी 'एज' लिहायचं. मेनूतले शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडचे तिकडे असू शकतात.

गेलं म्हणजे नक्की काय झालं?

काहीही पुन्हा टाकायच्या आधी क्रोम://एक्स्टेन्शन्स हे पान उघडा. तीन ठिपके, मग एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स, असंही तिथे जाता येतं. आता यादी नीट बघा.

एक्स्टेन्शन यादीत आहे आणि चालूही आहे, फक्त वरच्या पट्टीत त्याचं चिन्ह नाही, असं असेल तर काहीच गेलेलं नाही. पत्त्याच्या पट्टीशेजारी पझलच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, ते दाबून एक्स्टेन्शनच्या नावासमोरची पिन दाबा. नवीन टाकलेलं एक्स्टेन्शन क्रोम मुळातच पझलच्या आत लपवून ठेवतं. 'गायब झालं' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

यादीत आहे पण बटण बंद आहे, तर त्या चौकटीत बंद होण्याचं कारण बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचा. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीने जास्तीच्या परवानग्या मागितल्या तर क्रोम ते बंद करून ठेवतं आणि तुमच्या होकाराची वाट बघतं. फायली खराब झाल्या असतील तर 'रिपेअर'चं बटण येतं, ते दाबलं की स्टोअरमधून फायली पुन्हा उतरतात. एक्स्टेन्शन घातक असल्याचं लिहिलं असेल तर मात्र त्याचा नाद सोडा. स्टोअरने ते काढून टाकलेलं असतं. तेच एक्स्टेन्शन टेलिग्रामवरून किंवा कुठल्यातरी डाउनलोडच्या साइटवरून आणून बसवणं म्हणजे लोकांच्या आधार आणि बँकेच्या माहितीची किल्ली परक्याच्या हातात देणं.

यादीतच नसेल तर खरा तपास सुरू होतो. आणि तो प्रोफाइलपासून करायचा.

तुम्ही त्याच प्रोफाइलमध्ये आहात का?

क्रोममध्ये एक्स्टेन्शन संगणकावर बसत नाही, प्रोफाइलमध्ये, म्हणजे एकेका वापरणाऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, बसतं. एकाच क्रोममध्ये चार प्रोफाइल असतील तर चार वेगळ्या याद्या असतात. उजवीकडे वर गोल चित्र असतं ते प्रोफाइलचं, पण सगळ्यांची चित्रं सारखीच राखाडी असली की फरक कळत नाही.

म्हणून क्रोम://व्हर्जन उघडा. त्यात दोन ओळी कामाच्या आहेत. 'प्रोफाइल पाथ' या ओळीच्या शेवटी 'डिफॉल्ट', 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' असं काहीतरी दिसेल. एक्स्टेन्शन व्यवस्थित चालू असताना ते वहीत लिहून ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. पुढच्या वेळी एक्स्टेन्शन दिसेनासं झालं की पुन्हा हीच ओळ बघा. शेवटचा शब्द बदललेला असेल तर तुम्ही चुकीच्या प्रोफाइलमध्ये उभे आहात, एक्स्टेन्शन आपल्या जागी शाबूत आहे.

दुसरी ओळ 'कमांड लाइन'. क्रोम कोणत्या जादा सूचनांसह उघडलं ते तिथे दिसतं. शॉर्टकट कुणी बनवला यावर हे ठरतं. तिथे 'डिसेबल एक्स्टेन्शन्स' असेल तर त्या शॉर्टकटने उघडलेल्या क्रोममध्ये एकही एक्स्टेन्शन चालणार नाही. 'इनकॉग्निटो', म्हणजे खासगी खिडकी, असेल तर, तुम्ही प्रत्येक एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'अलाऊ इन इनकॉग्निटो' चालू केल्याशिवाय, ती दिसणार नाहीत. 'गेस्ट' असेल तर एक्स्टेन्शन चालतच नाही आणि खिडकी मिटली की सगळं पुसलं जातं. 'यूझर डेटा डिर' लिहून पुढे एखाद्या टेम्प फोल्डरचा किंवा पेनड्राइव्हचा पत्ता असेल तर क्रोम आपला सगळा संसार तिथे मांडतंय, आणि तो फोल्डर गेला की एक्स्टेन्शनही जाणार.

दुरुस्ती सोपी आहे. क्रोम पूर्ण बंद करा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट'च्या चौकटीत अवतरणचिन्ह संपल्यानंतर जे शेपूट असेल ते काढा. टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, त्याचंही तेच करा. डेस्कटॉपवरून उघडलं की एक्स्टेन्शन दिसतं आणि टास्कबारवरून उघडलं की दिसत नाही, हे कोडं इथेच सुटतं.

मशीन रिस्टार्ट केल्यावर जात असेल तर

ब्राउझरला हात लावायच्या आधी एक साधी चाचणी करा. डेस्कटॉपवर एक नोटपॅडची फाइल बनवा, त्यात आजची तारीख लिहून सेव्ह करा आणि मशीन रिस्टार्ट करा. फाइलही गेली असेल तर क्रोम निर्दोष आहे.

अशा वेळी दोन संशयित असतात. पहिला म्हणजे डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर. शाळेच्या लॅबमध्ये आणि सायबर कॅफेत ते मुद्दाम टाकलेलं असतं. दर रिस्टार्टला मशीन मूळ स्थितीत न्यायचं, हेच त्याचं काम. घड्याळाशेजारी अस्वलाचं चिन्ह दिसलं तर तेच आहे, पण ते चिन्ह लपवताही येतं. ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे त्याने मशीन 'थॉड', म्हणजे बदल टिकणाऱ्या, स्थितीत सुरू करायचं, एक्स्टेन्शन टाकायचं, नीट चालतंय ते बघायचं आणि मगच पुन्हा 'फ्रोझन' करायचं. जुनं मशीन विकत घेतलं असेल तर त्यात हे सॉफ्टवेअर तसंच राहून गेलेलं असू शकतं.

दुसरा संशयित म्हणजे विंडोजचं तात्पुरतं प्रोफाइल. वापरकर्त्याचा मूळ फोल्डर उघडता आला नाही तर विंडोज एक कामचलाऊ फोल्डर देतं आणि लॉग ऑफ करताना तो फेकून देतं. ओळखायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत फक्त एक पूर्णविराम टाइप करा आणि एंटर दाबा. तुमचा वापरकर्त्याचा फोल्डर उघडेल. त्याचं नाव 'टेम्प' असेल तर रोग सापडला.

आधी एकदोनदा रिस्टार्ट करून बघा, कधी कधी तेवढ्यावर सुटतं. नाही सुटलं तर सी ड्राइव्हच्या 'यूझर्स'मधल्या तुमच्या मूळ फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. मग रेजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट असं जा. 'प्रोफाइल लिस्ट'वर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, ही पायरी टाळू नका. आत एकाच लांबलचक आकड्याच्या दोन नोंदी दिसतील, त्यातल्या एकीच्या शेवटी 'डॉट बॅक' असेल. ज्या नोंदीला शेपूट नाही तिच्या नावापुढे 'डॉट ओल्ड' जोडा, मग दुसरीचं 'डॉट बॅक' काढून टाका. त्या नोंदीत 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' ही मूल्यं असतील तर दोन्ही शून्य करा आणि रिस्टार्ट करा. हे सगळं करूनही आठवड्याभरात पुन्हा तेच झालं तर रेजिस्ट्रीचा नाद सोडून हार्ड डिस्क तपासा.

दुसऱ्या मशीनवरचा माणूस काढतोय

केंद्राचं एकच जीमेल, आणि ते तिन्ही मशीनच्या क्रोममध्ये सिंक (खात्यातल्या गोष्टी सगळ्या मशीनवर सारख्या ठेवणं) चालू करून टाकलेलं. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे आणि एक्स्टेन्शन विनाकारण गेल्यासारखं वाटण्याचं हे मोठं कारण आहे. सिंकमध्ये एक्स्टेन्शनची यादीही येते. तिसऱ्या मशीनवर बसलेल्या पोराने 'हे कशाला हवं' म्हणून एक एक्स्टेन्शन काढलं की ते बाकीच्या दोन मशीनवरूनही निघतं. तुमच्यासमोर काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे संशय मशीनवर जातो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्वांत वर खात्याचा भाग असतो. तिथे काय काय सिंक करायचं त्याची यादी आहे, तिच्यातलं 'एक्स्टेन्शन्स' बंद करा. हे तिन्ही मशीनवर करायला हवं. एका मशीनवर बंद केलं तर फक्त तेच मशीन सुटतं. त्याहून बरा उपाय म्हणजे प्रत्येक ऑपरेटरला वेगळं क्रोम प्रोफाइल, वेगळ्या रंगाचं आणि नावाचं. गिऱ्हाइकाला स्वतःचं ईमेल उघडायचं असेल तर प्रोफाइलच्या चित्रावर दाबून 'गेस्ट' खिडकी द्या. त्याने तुमच्या प्रोफाइलमध्ये आपलं खातं सिंक केलं तर त्याची एक्स्टेन्शन तुमच्याकडे येऊन बसतात, आणि मग कोणतं कुणाचं हे कळेनासं होतं.

याच जातीचा आणखी एक चोर आहे. काही एक्स्टेन्शनना बाकीची एक्स्टेन्शन चालू-बंद करण्याची परवानगी असते. 'डिटेल्स'मध्ये परवानग्यांच्या यादीत 'मॅनेज युवर ॲप्स, एक्स्टेन्शन्स' असं काही दिसलं, आणि ते एक्स्टेन्शन कशासाठी टाकलं ते कुणालाच आठवत नसेल, तर आधी ते काढा.

लाईट गेल्यावर जात असेल तर

क्रोम आपली एक्स्टेन्शनची नोंदवही 'प्रेफरन्सेस' आणि 'सिक्युअर प्रेफरन्सेस' या दोन फायलींत ठेवतं. चालू असताना या फायली पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात. नेमकं लिहिताना मशीन धाडकन बंद झालं तर फाइल खराब होऊ शकते. पुढच्या वेळी क्रोमला ती वाचता येत नाही आणि ते कोऱ्या नोंदवहीने सुरुवात करतं. याची खूण अशी की यादी रिकामी दिसते, पण प्रोफाइल पाथमधल्या 'एक्स्टेन्शन्स' फोल्डरमध्ये बत्तीस अक्षरी नावांचे फोल्डर काही वेळा तसेच पडलेले असतात. ती बत्तीस अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शनची ओळख. नावं सारखी असू शकतात, ही अक्षरं नसतात.

असं बिघडलेलं प्रोफाइल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. जुन्या प्रोफाइलमधले पासवर्ड दिसत असतील तर ते सेटिंग्जमधून फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. नवं प्रोफाइल बनवा, क्रोम बंद करा आणि जुन्या फोल्डरमधली 'बुकमार्क्स' ही फाइल नव्यात टाका. नवीन प्रोफाइलमध्ये पासवर्ड आणले की एक्स्पोर्ट केलेली फाइल लगेच पुसा, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. एक्स्टेन्शन मात्र स्टोअरमधूनच टाका. जुना अख्खा प्रोफाइल फोल्डर नव्या मशीनवर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर चिकटवला तर बुकमार्क दिसतात, एक्स्टेन्शन दिसत नाहीत, याचंही कारण तीच 'सिक्युअर प्रेफरन्सेस'. तिच्यातल्या नोंदींवर त्या त्या मशीनशी बांधलेली मोहोर असते. मोहोर जुळली नाही की क्रोम त्या नोंदी कुणीतरी फेरफार केला असं समजून टाकून देतं.

पण मूळ दुखणं विजेचं आहे. इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच पीसी रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं किंवा समोरचं मोडचं बटण बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, पीसीला चालत नाही. 'यूपीएस' मोडवर टाकलं की ही उडी झटकन होते. मात्र या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही. साधारण १८० व्होल्टच्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो. शेतीपंपांच्या वेळात गावाकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा बॅटरी लवकर उतरते. तिथे पीसीपुरता वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस बरा. त्यात सहसा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ती दोन-तीन वर्षांपलीकडे फारशी टिकत नाही. यूपीएसची तार काढून बघा. मॉनिटर विझायच्या आत मशीन नीट शटडाउन करता येत नसेल तर बॅटरी संपलेली आहे. ही चाचणी करताना क्रोम मात्र आधी बंद करा.

सतत असे धक्के खाल्लेल्या मशीनची डिस्कही तपासा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून चेकडिस्क सी ड्राइव्हवर 'एफ'च्या पर्यायासह चालवा, तो पुढच्या रिस्टार्टला चालतो. 'आर'चा पर्याय अख्खी डिस्क तपासतो, जुन्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात, म्हणून तो दुकान बंद करताना लावा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल, म्हणजे जागाच उरली नसेल, तरी क्रोमला नोंदी लिहिता येत नाहीत. निदान दहा जीबी मोकळे ठेवा. स्कॅन केलेल्या कागदपत्रांनी भरलेला 'डाउनलोड्स' फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला तरी बहुधा भागतं.

तारीख मागे जाते का बघा

मशीन रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असेल, साइट उघडताना 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असं येत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत, सिंक आणि अपडेट अडकतात. फायरफॉक्स तर एक्स्टेन्शनवरची सही तारखेशी ताडून बघतो.

हा सेल म्हणजे सीआर २०३२, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. मशीनची तार काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडा. सेलशेजारची पत्र्याची छोटी चाप नखाने बाजूला केली की सेल वर उडतो. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून दाबा. मशीन चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरा, आणि तिथल्या बाकीच्या सेटिंगही मूळावर गेल्या नाहीत ना ते बघा. मग विंडोजमध्ये वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा.

अपडेटनंतर कायमचं गेलं

इथे तुमच्या मशीनचा काही दोष नाही. गूगलने एक्स्टेन्शन लिहिण्याची जुनी पद्धत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही २, बंद केली. २०२४ च्या जूनमध्ये क्रोमच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये इशारे दिसू लागले, त्या वर्षाच्या अखेरीस सर्वसाधारण क्रोममध्ये जुनी एक्स्टेन्शन बंद पडू लागली. क्रोम १३८ पर्यंत कार्यालयांना पॉलिसीने, म्हणजे क्रोमवर बाहेरून लादलेल्या नियमाने, ती चालू ठेवता येत होती, १३९ पासून तीही वाट बंद झाली. अशा एक्स्टेन्शनला पुन्हा पुन्हा चालू करण्याच्या युक्त्या शोधण्यात वेळ घालवू नका. त्याचीच नवी आवृत्ती किंवा पर्याय घ्या. यूब्लॉक ओरिजिनच्या जागी क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे, मूळ यूब्लॉक ओरिजिन हवं असेल तर फायरफॉक्समध्ये ते चालतं.

विंडोज ७ किंवा ८ वर असाल तर अडचण उलट आहे. तिथे क्रोम १०९ वर थांबलं, २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. एक्स्टेन्शन पुढे जात राहतात, तुमचं क्रोम तिथेच राहतं, आणि स्टोअर 'जुळत नाही' म्हणून सांगतं.

मराठी टायपिंगपुरतं बोलायचं तर एक्स्टेन्शनवर विसंबूच नका. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात मराठी जोडा, तिच्या पर्यायांत हा कीबोर्ड निवडा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून बदलत राहा. तो ब्राउझरबाहेरही, अगदी वर्ड-एक्सेलमध्येही चालतो.

पॉलिसी आणि साफसफाईची सॉफ्टवेअर

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय? मग क्रोम://पॉलिसी उघडा. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट' ही नोंद असेल आणि तिच्यासमोर चांदणी (*) असेल तर सगळीच एक्स्टेन्शन मनाई आहेत. कार्यालयाचं किंवा कॉलेजचं मशीन असेल तर ते सांभाळणाऱ्याला तुमच्या एक्स्टेन्शनची बत्तीस अक्षरं देऊन परवानगीच्या यादीत घालायला सांगा. स्वतःच्या मशीनवर, तुम्ही न घालता, अशी नोंद असेल तर ती एखाद्या अँटिव्हायरसने नाहीतर एखाद्या घुसखोर प्रोग्रॅमने घातलेली असते. रेजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम ही जागा 'लोकल मशीन' आणि 'करंट यूझर' या दोन्हींखाली बघा. आधी एक्स्पोर्ट, मग अनोळखी नोंद पुसायची, मग क्रोम://पॉलिसीवर 'रीलोड पॉलिसीज' दाबायचं. रिस्टार्टनंतर नोंद परत आली तर टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा विंडोजचा भाग) तिला परत घालणारं काम दडलेलं असणार. विंडोज सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन लावा.

'पीसी फास्ट करा' छापाची क्लिनर सॉफ्टवेअर शक्यतो काढूनच टाका. ठेवायचंच असेल तर क्रोमचा 'यूझर डेटा' फोल्डर त्याच्या सोडून देण्याच्या यादीत घाला. नुसता क्रोमचा कॅशे किंवा हिस्ट्री पुसल्याने एक्स्टेन्शन जात नाही, त्याबद्दल निर्धास्त राहा. 'रिसेट सेटिंग्ज' दाबल्याने मात्र सगळी बंद होतात. अँटिव्हायरसने फायली उचलल्या का, ते विंडोज सिक्युरिटीतल्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतं.

फायरफॉक्ससाठी थोडं वेगळं

फायरफॉक्समध्ये अबाउट:ॲडऑन्सवर यादी आणि अबाउट:प्रोफाइल्सवर प्रोफाइल दिसतात. आवृत्ती ६७ पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतो. म्हणून जुना काढून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून नवा टाकला की कोरा उघडतो. अबाउट:प्रोफाइल्सवर जुनं प्रोफाइल शोधून ते डिफॉल्ट करा.

अबाउट:डीबगिंगमधून टाकलेलं एक्स्टेन्शन तात्पुरतंच असतं, फायरफॉक्स बंद झाला की जाणारच. 'रिफ्रेश फायरफॉक्स' दाबलं तरी एक्स्टेन्शन जातात.

सगळी एकदम 'सही पडताळता आली नाही' म्हणून बंद पडली असतील तर आधी तारीख, मग आवृत्ती बघा. २०१९ च्या मे महिन्यात मोझिलाचं एक प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलं आणि जगभर एक्स्टेन्शन बंद पडली होती. २०२५ च्या १४ मार्चला दुसरं मूळ प्रमाणपत्र संपलं. त्यामुळे आता किमान फायरफॉक्स १२८ लागतो, विंडोज ७ आणि ८ वर चालणाऱ्या ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, मालिकेत ११५.१३.

यादीच गोंधळली असेल तर अबाउट:सपोर्टमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा, 'एक्स्टेन्शन्स'ची जेसन फाइल आणि 'ॲडऑन स्टार्टअप' ही फाइल, दोन्हींच्या नावापुढे 'ओल्ड' जोडा आणि पुन्हा सुरू करा. फायरफॉक्स नोंदी नव्याने बनवतो.

डिजिटल स्वाक्षरीचं एक्स्टेन्शन

याचे सहसा दोन भाग असतात. एक ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, दुसरा विंडोजमध्ये बसणारा प्रोग्रॅम, जो टोकनशी, म्हणजे स्वाक्षरी असलेल्या यूएसबीशी, बोलतो. एक्स्टेन्शन जागेवर असूनही पोर्टल 'एक्स्टेन्शन सापडलं नाही' म्हणत असेल तर बहुतेक वेळा दुसरा भाग गेलेला असतो, अँटिव्हायरसने उचललेला किंवा दुसऱ्या विंडोज खात्यात टाकलेला. तेव्हा एक्स्टेन्शन शंभरदा टाकून उपयोग नाही. प्रोग्रॅम पुन्हा टाका, टोकनचा ड्रायव्हर चालतोय का बघा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा.

कुणाला झिपमधून 'लोड अनपॅक्ड' करून, म्हणजे स्टोअरऐवजी थेट फोल्डरमधून जोडून, दिलेलं एक्स्टेन्शन असेल तर तो फोल्डर डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये ठेवू नका. क्रोम त्या फोल्डरमधूनच ते चालवतं. फोल्डर हलला, नाव बदललं, पेनड्राइव्ह काढला की एक्स्टेन्शन गेलं. डेव्हलपर मोड बंद केला तरी नव्या क्रोममध्ये ते बंद पडतं.

कुणालाच काढता येऊ नये असं बसवणं

कारण सापडून मिटलं, पण मशीनवर हात लावणारे अनेक आहेत, अशा ठिकाणी क्रोमची पॉलिसी स्वतःच्या कामाला लावता येते. क्रोम://एक्स्टेन्शन्सवर त्या एक्स्टेन्शनचं 'डिटेल्स' उघडा आणि पत्त्याच्या पट्टीतली शेवटची बत्तीस अक्षरं कॉपी करा. रेजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज या क्रमाने जा. तिथे गूगल आणि तिच्यात क्रोम या 'की' (रेजिस्ट्रीतले फोल्डर) नसतील तर बनवा. क्रोमच्या आत 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' ही की, सगळे शब्द इंग्रजीत जोडून आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, अशी बनवा. तिच्यात नवीन 'स्ट्रिंग व्हॅल्यू' घाला, तिचं नाव इंग्रजी अंकातला १ आणि मूल्य म्हणून ती बत्तीस अक्षरं. दुसऱ्या एक्स्टेन्शनसाठी नाव २. क्रोम बंद करून उघडा. एक्स्टेन्शन आपोआप येईल आणि त्याचं बंद करण्याचं बटण दाबता येणार नाही.

हे क्रोमच्या वेब स्टोअरवर असलेल्या एक्स्टेन्शनलाच लागू आहे, आणि त्या मशीनवरच्या सगळ्या क्रोम प्रोफाइलमध्ये ते बसतं, गेस्ट सोडून. परवानग्या न विचारता मिळतात, तेव्हा स्वाक्षरी किंवा पासवर्डसारखी खात्रीची दोन-तीनच एक्स्टेन्शन यात घाला. मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसू लागेल, ते अपेक्षितच आहे, पण हे तुम्हीच केलंय याची चिठ्ठी मशीनला चिकटवून ठेवा, म्हणजे पुढचा दुरुस्तीवाला ते व्हायरस समजून काढणार नाही. नको झालं की ती स्ट्रिंग व्हॅल्यू पुसायची आणि क्रोम पुन्हा सुरू करायचं.